आरोप आणि शिक्षा यांच्यामधला तास

राईनपाडा हे धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं आदिवासी गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढा भागातून भिक्षा मागत फिरत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे एसटीतून उतरले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला तरी दिसला. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या भागात मोबाइलवर आधीपासूनच फिरत होते. बघता बघता माणसं जमली, मारहाण सुरू झाली आणि त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आलं. तिथेच, त्या खोलीत, जमावाने त्यांना ठार मारलं.

या घटनेचा विचार करताना माझं मन त्या खोलीपाशी अडतं. खेड्यात सरकार म्हणून जे काही असतं ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात असतं. जन्माची नोंद तिथे होते, मृत्यूची तिथे होते, रहिवासाचा दाखला तिथे मिळतो. पाच माणसं त्या खोलीत होती, बाहेर गाव होतं आणि मध्ये फक्त एक दार होतं. ते दार तासभर बंद राहिलं असतं, तर पोलीस येऊन पोचले असते. कुणीतरी मंगळवेढ्याला फोन लावला असता, खिशातली ओळखपत्रं नीट वाचली असती, त्या मुलीला आणि तिच्या आईला विचारलं असतं. संध्याकाळी ती पाच माणसं आपल्या बायकापोरांत परत गेली असती. तासाभराचा प्रश्न होता.

अशा प्रत्येक घटनेनंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं: न्यायाला उशीर होतो म्हणून लोक कायदा हातात घेतात. कोर्टात वर्षानुवर्षं खटले रेंगाळतात हे खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण राईनपाड्याला ते लागू कसं करायचं? तिथे न्यायाला उशीर झालेला नव्हता, कारण गुन्हाच झालेला नव्हता. कुणाचं मूल हरवलं नव्हतं, कुणी फिर्याद दिली नव्हती, कुणी पोलिसांची वाट बघून कंटाळलं नव्हतं. संशय आला आणि काही मिनिटांत हात उठले. ज्यांनी कोर्टाची पायरी चढायचा विचारही केला नाही, त्यांचा कोर्टावरचा विश्वास उडाला होता असं म्हणणं म्हणजे मारेकऱ्यांना त्यांनी न मागितलेलं वकीलपत्र देणं आहे. हे स्पष्टीकरण आपण फार सहज देतो. त्यात आपल्यालाही थोडा दिलासा मिळतो, कारण दोष आपल्यातल्या माणसांचा न राहता ‘व्यवस्थे’चा होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आरोप आणि शिक्षा यांच्यामध्ये जो वेळ जातो, त्या वेळातच निर्दोष माणसाची सुटका असते. कायद्याची सगळी यंत्रणा, फिर्याद, पंचनामा, जबाब, उलटतपासणी, अपील, ही तो वेळ राखण्यासाठी उभी केलेली आहे. जमाव नेमका तोच वेळ संपवून टाकतो. त्यामुळे जमावाच्या हिंसेवरचा पहिला उपायही त्या वेळाशीच निगडित असायला हवा. गावात, वस्तीत, स्टँडवर संशयिताला तासभर सुखरूप कोण ठेवणार, कुठे ठेवणार आणि ते करण्याचा अधिकार कुणाला, हे आधीच ठरलेलं असायला हवं. आज ते कुठेच ठरलेलं नसतं.

भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. मुलं पळवली जातात. पश्चिम महाराष्ट्रातल्या पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींचं प्रकरण आठवत असेल. १९९० ते १९९६ या काळात त्यांनी लहान मुलं पळवली, चोऱ्या करताना आडोशासाठी त्यांना वापरलं आणि अडचणीची झालेली मुलं मारून टाकली. त्या दोन बहिणींवरचा पाच बालकांच्या खुनांचा दोष २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला. दयेच्या अर्जावर निर्णय द्यायला सरकारने इतकी वर्षं लावली, की २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्यांची फाशी जन्मठेपेत बदलावी लागली. विलंबाबद्दल राग धरायचा तर तो इथे धरावा.

पण हे प्रकरण उघडकीला कसं आलं ते पाहा. १९९६ मध्ये त्या पोलिसांच्या हाती लागल्या. चौकशी झाली, एकीचा नवरा माफीचा साक्षीदार झाला, आणि मग एकामागून एक मुलाचा माग लागत गेला. आपल्या लेकराचं काय झालं हे कधीच कळलं नसतं, अशा आईबापांना निदान ते कळलं. समजा, या बायका एखाद्या बसस्टँडवर पहिल्याच संशयात जमावाच्या हाती सापडल्या असत्या आणि तिथेच मेल्या असत्या. लोक घरी जाऊन समाधानाने जेवले असते. बाकीच्या मुलांचा हिशेब मात्र त्यांच्याबरोबर जळून गेला असता. ज्यांना मुलांची खरोखर काळजी आहे, त्यांनी तर संशयित जिवंत पोलिसांच्या ताब्यात जावा म्हणून जिवाचं रान करायला हवं.

२०१८ च्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या निरोपांमध्ये एक चित्रफीत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलांतून एकाला उचलतात आणि पसार होतात. ती कराचीतली होती. मुलांना जपा हे सांगण्यासाठी तिथल्या एका संस्थेने ती बनवून घेतली होती. मूळ फितीत शेवटी ते मुलाला परत आणून सोडतात आणि मूल पळवायला किती क्षण पुरतात हे सांगणारी पाटी दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा सोडून दिला. ज्याने तो कापला, त्याला आपण काय करतो आहोत ते पक्कं ठाऊक होतं. पुढे पाठवणाऱ्यांचं काय? त्यातल्या बहुतेकांनी काळजीपोटीच पाठवला असणार: भावकीच्या ग्रुपवर, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, ‘सावध राहा’ म्हणून. राईनपाडा घडलं त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती घातली हे बरं झालं. पण एका माणसाने पाच ग्रुपांवर टाकलेला निरोप दुपारपर्यंत अख्ख्या तालुक्यात पोचतो, हे आपण सगळेच रोज बघतो. २०२४ च्या जून-जुलैमध्ये मराठवाड्यात, नगर-पुण्याकडे रात्री आकाशात ड्रोन दिसू लागले आणि चोर ड्रोनने घरं हेरतात अशी हूल उठली, तेव्हा गावंच्या गावं काठ्या घेऊन रात्र जागवत होती. त्या रात्रींत रस्ता चुकलेला एखादा अनोळखी माणूस गावात शिरला असता तर काय झालं असतं, याचा विचार करूनही अंगावर काटा येतो.

असा अनोळखी माणूस कोण असतो, हेही बघायला हवं. मार खाणाऱ्यांची यादी केली, तर ज्याच्यासाठी जागेवर ‘अरे, हा आपला आहे’ म्हणणारं कुणी नाही, असाच माणूस तिच्यात सापडतो. पालं टाकून राहणारे भटके, बोली न समजणारा परप्रांतीय, मनोरुग्ण बाई, भिकारी, फेरीवाला, दाढीटोपीवाला, भगवी कफनी घातलेला. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंगा गावात, उत्तर प्रदेशातून आलेले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. तेवढ्यावरून मुलं पळवणारे म्हणून त्यांना गाडीतून ओढून पट्ट्याने, काठ्यांनी मारलं. जीव वाचला. त्यांनी तक्रारही दिली नाही आणि पुढे निघून गेले. पंढरीची वाट विचारणाऱ्याला महाराष्ट्रात मार बसावा, याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्याकडे वासुदेव, पिंगळा, नंदीवाले, गोंधळी, डवरी गोसावी दारात येत आणि आई-आजी सुपातून धान्य घालत, असं आपण कौतुकाने सांगतो. ते खरंही आहे. पण त्याच वेळी ‘फिरस्ता म्हणजे चोर’ हा समजही आपल्याच गावांत होता, आणि इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्याला सरकारी शिक्का दिला. जन्माने गुन्हेगार, रोज हजेरी, तारेच्या कुंपणातली वस्ती. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. गावाच्या मनातली हजेरी मात्र अजून चालूच आहे. गावात चोरी झाली की आजही आधी पारध्यांच्या पालावर धाड पडते. डवरी गोसाव्यांची नावं त्या यादीत असोत वा नसोत, पालात राहणाऱ्या माणसाकडे बघायची नजर तीच आहे. राईनपाड्याचा निरोप मोबाइलवर आला हे खरं, पण तो ज्या मनांत उतरला ती मनं तयार व्हायला मोबाइलची गरज लागली नव्हती.

गडचिंचल्याला मात्र हा साचा पुरत नाही. १६ एप्रिल २०२०, टाळेबंदीचे दिवस. ‘जुना आखाडा’ या साधूंच्या संघटनेतले दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक कांदिवलीहून सुरतेला आपल्या गुरूच्या अंत्यविधीसाठी निघाले होते. हमरस्त्यावर अडवतील म्हणून आडवाटेने गेले. दादरा-नगर हवेलीच्या हद्दीवरून परत फिरावं लागलं आणि पालघर जिल्ह्यातल्या या आदिवासी गावाजवळ, वनखात्याच्या चौकीपाशी, रात्रीच्या गस्तीवरच्या लोकांनी त्यांना थांबवलं. चोर आणि मुलांचे अवयव काढून नेणारे वेश बदलून फिरतात, अशी अफवा आठवडाभर त्या पट्ट्यात होती. दोनच दिवस आधी तिथल्याच भागात मदत घेऊन गेलेल्या एका डॉक्टरच्या आणि पोलिसांच्या गाडीवर हल्ला झाला होता. म्हणजे धोक्याची सूचना मिळालेली होती. गावच्या महिला सरपंचांनी जमावाला अडवायचा प्रयत्न केला. पोलीस आले. आणि मग सगळ्यांनी पाहिलेलं ते दृश्य: सत्तर वर्षांचा साधू पोलिसाचा हात धरून चौकीबाहेर येतो आहे, आणि तो हात सुटतो.

या दृश्यावर देशभर जे रान उठलं, त्यात दोन दिवस एकच प्रश्न होता: मारणारे कोणत्या धर्माचे? अखेर राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्यांची यादी जाहीर करून सांगावं लागलं, की यात तुम्ही शोधताय तो धर्म नाही. राईनपाड्याच्या पाच जणांसाठी असं रान उठलं नव्हतं, कारण त्यांच्या मरणातून कुणाला काही मिळणार नव्हतं. मेलेल्याची जात आणि मारणाऱ्याचा धर्म पाहून आपला राग ठरत असेल, तर त्याला न्यायाची चाड म्हणू नये. पोलिसांबद्दल विचारायचं होतं ते वेगळंच होतं. आधीची घटना ठाऊक असताना त्या पट्ट्यात पुरेसं बळ का नव्हतं? अफवा आठवडाभर फिरत असताना तालुक्याने काय केलं? जमावासमोर संशयिताला बाहेर काढायचं कसं, याचं काही शिक्षण हवालदाराला मिळतं का? हे प्रश्न मागे पडले ते आजतागायत.

इथे मला एक उदाहरण टाळून पुढे जाता येणार नाही, कारण माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात कठीण आक्षेप त्यातून येतो. नागपूरची कस्तुरबानगर वस्ती. अक्कू यादव नावाच्या गुंडाने तिथे वर्षानुवर्षं दहशत घातली होती, बायकांवर अत्याचार केले होते. बायका पोलिसांकडे गेल्या, पण तक्रार करणाऱ्या बाईचं नाव त्याच्यापर्यंत पोचायचं. १३ ऑगस्ट २००४ ला तो जामिनावर सुटणार अशी कुणकुण लागली आणि नागपूरच्या न्यायालयातच जमावाने, ज्यात वस्तीतल्या बायका पुढे होत्या, त्याला ठार केलं. पुढे २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. या बायकांना राईनपाड्याच्या जमावाशेजारी उभं करायला माझी लेखणी धजत नाही. त्यांना तो माणूस ठाऊक होता, त्याने काय केलं ते स्वतःच्या अंगावर सोसून ठाऊक होतं, आणि कायद्याचं एकेक दार त्यांनी ठोठावून झालं होतं.

म्हणून हे बरोबर झालं, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी नागपूरच्या न्यायालयात खटला चालायला हवा होता तो अक्कूचा, आणि त्याच्यासोबत त्याला पोसणाऱ्या पोलिसांचा. तो मेला आणि दुसरा खटला चालण्याची शक्यताच संपली. त्याला कुणी माहिती पुरवली, कुणाला हप्ते जात होते, हे सांगू शकणारा माणूसच गेला. पण मला जास्त राग येतो तो कस्तुरबानगरचं नाव घेऊन कुठल्याही झुंडीची पाठ थोपटणाऱ्यांचा. त्या बायकांनी जे भोगलं, ते भोगल्याशिवाय त्यांच्या नावाची ढाल कुणी वापरू नये.

हाच दुवा पुढे सरकारपर्यंत जातो. हैदराबादला डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आपल्या नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने पुढे निष्कर्ष काढला, की पोलिसांनी जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं तेव्हा, २० ऑगस्ट २०२४ ला, लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यांचा संताप रास्त होता, तक्रार नोंदवून घ्यायलाच टाळाटाळ झाली होती. पण महिनाभरानंतर, २३ सप्टेंबरला, तो आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, आणि मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांवर ठपका ठेवला. त्या चिमुरड्यांच्या आईबापांना आता कोणतंही कोर्ट निकाल वाचून दाखवणार नाही. शाळेत कुणी काय झाकलं, कुणी डोळेझाक केली, हे त्याच्या खटल्यात उलटतपासणीत बाहेर येऊ शकलं असतं, ती वाट बंद झाली. ज्याला आपण बदला म्हणालो, त्याचा फायदा कुणाला झाला याचा विचार फलक लावणाऱ्यांनी केला असेल असं वाटत नाही.

सरकारच असं वागतं असं दिसलं की रस्त्यावरच्याला कोण रोखणार? २८ ऑगस्ट २०२४ ला धुळ्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीत इगतपुरीजवळ जळगाव जिल्ह्यातल्या एका बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला काही तरुणांनी घेरलं. हे गृहस्थ कल्याणला लेकीकडे निघाले होते. सोबत प्लास्टिकच्या बरण्यांत मटण होतं. हे कशाचं आहे, कुणासाठी चाललंय, एवढ्या बरण्या कशाला, असे प्रश्न विचारत, मोबाइलवर चित्रण करत त्यांनी त्या म्हाताऱ्याला मारलं. गाडीचा डबा माणसांनी भरलेला होता. मारणारे तरुण पोलीस भरतीच्या परीक्षेला निघाले होते. लेकीकडे जाताना बापाने डबा न्यावा, हे कुठल्या घरात होत नाही? पोलीस व्हायला निघालेल्या पोरांना त्या डब्यात फक्त पुरावा दिसला, आणि तो तपासणारे, आरोप ठेवणारे आणि शिक्षा देणारे तेच झाले. गाडीतल्या बाकीच्यांना मात्र साखळी ओढायचंही सुचलं नाही.

त्यापेक्षा वेगळं करता येतं, आणि ते राईनपाडा घडलं त्याच १ जुलैच्या रात्री शेजारच्या नाशिक जिल्ह्यात घडलेलं आहे. मालेगावच्या आझादनगर भागात भिक्षा मागत आलेल्या पाच जणांच्या कुटुंबाला, त्यात एक दोन वर्षांचं मूल, मुलं पळवणारे ठरवून जमावाने घेरलं होतं. स्थानिकांपैकीच एकाने त्यांना घरात घेतलं आणि दार लावलं. बाहेरची गर्दी वाढत गेली. पोलीस आले, त्यांच्यावरही हल्ला झाला, पण त्यांनी त्या पाचही जणांना सुखरूप बाहेर काढलं. अफवा तीच होती, भीती तीच होती, राग तोच होता. फरक एका बंद दाराचा आणि ते लावणाऱ्या माणसाचा. सुदैवाने तो माणूस तिथे होता. पुढच्या वेळी तो असेलच, या भरवशावर राज्य चालवता येत नाही.

म्हणून कायद्याकडे वळतो. सामान्य नागरिकाला गुन्हेगाराला पकडण्याचा अधिकार आपल्या कायद्यात आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, कुणी आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करत असेल, किंवा तो फरार घोषित गुन्हेगार असेल, तर त्याला पकडता येतं. पण पकडल्यावर विनाकारण उशीर न करता, आणि सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. म्हणजे नुसत्या संशयावर पकडता येत नाही, आणि पकडलेल्याला एक चापट मारण्याचाही अधिकार मिळत नाही. हे साधं कलम ग्रामसभेत कधी वाचून दाखवलं गेलं आहे का? शाळेच्या नागरिकशास्त्रात मुलं राष्ट्रपतींचे अधिकार पाठ करतात. स्टँडवर पाकीटमार सापडला तर आपण काय करावं आणि काय करू नये, हे त्यांना कुणी शिकवत नाही. मग ती मोठी होतात आणि गर्दीत मागून हात साफ करून घेतात. ‘संतप्त नागरिकांनी चोरट्याला चोप दिला’ ही बातमी आपण चहासोबत वाचतो. तो चोर होता हे ठरवलं कुणी, हा प्रश्न ना वार्ताहराला पडतो, ना आपल्याला.

राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी, १७ जुलै २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत सविस्तर आदेश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा जबाबदार अधिकारी, अफवा पसरवणाऱ्यांवर गुन्हे, असे खटले शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढणारी जलदगती न्यायालयं, पीडितांच्या कुटुंबाला तीस दिवसांत अंतरिम मदत, हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई. संसदेने स्वतंत्र गुन्हा निर्माण करावा, असंही न्यायालयाने सुचवलं. ते अर्धवट झालं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा ‘किंवा तत्सम’ कारणावरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे. मुलं पळवल्याच्या संशयावरून झालेला खून यात बसतो का? ‘तत्सम’ या शब्दावर वकील वर्षानुवर्षं वाद घालतील. ज्या अफवेने महाराष्ट्राने सर्वात जास्त रक्त पाहिलं, तीच या कलमात नावाने नाही.

महाराष्ट्राने स्वतःचा कायदा करावा, असं माझं मत आहे, आणि त्याचा नमुना आपल्या घरातच आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने, एखाद्याला करणी करणारा, चेटूक करणारा म्हणून जाहीर ठरवणं आणि त्यातून त्याचं जगणं मुश्कील करणं हाच गुन्हा मानला. पहिला दगड पडायची वाट त्या कायद्याने बघितली नाही. डाकीण ठरवणं आणि मूल पळवणारा ठरवणं यात, ज्याच्यावर बोट रोखलं जातं त्याच्या दृष्टीने, काहीही फरक नाही. गर्दीत ‘हाच तो’ म्हणून पहिल्यांदा ओरडणारा, चित्रफीत कापून सोडणारा, आणि संशयिताचा फोटो ‘पकडला’ म्हणून ग्रुपवर टाकणारा यांना त्या कायद्याच्या चौकटीत आणता येईल. तक्रार देणाऱ्या बाईला, पोलिसांना कळवणाऱ्याला त्यातून पूर्ण सूट हवी, नाहीतर भलत्याच माणसाच्या तोंडाला कुलूप लागेल.

आणि कायदा होईपर्यंत थांबायचं कारण नाही. गावोगावी पोलीस पाटील आहेत, १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमलेले. गावात येणाऱ्याजाणाऱ्याची खबर ठेवणं त्यांच्या कामातच बसतं. भटक्यांचं पाल पडलं की त्यांची नोंद घ्यावी आणि ‘ही माणसं माझ्या माहितीतली आहेत’ असा निरोप गावाला त्यांनीच द्यावा. इतके दिवस ती नोंद पाळत ठेवायला वापरली गेली, ती आता त्यांच्या संरक्षणाला वापरावी. अनेक तालुक्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे, एका नंबरवर फोन केला की गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आवाजी निरोप जातो. चोर आले हे सांगायला ती वापरतात. टोळीची बातमी खोटी आहे, पोलिसांनी खात्री केली आहे, हे त्याच आवाजात त्याच रात्री सांगायला ठाणेदाराला कुणी अडवलेलं नाही. आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयाला आतून लागणारी भक्कम कडी हवी, किल्ली कुणाकडे ते ठरलेलं हवं, संशयित आत असताना दारात उभे राहणारे पाच जण ग्रामसभेने नावानिशी नेमलेले हवेत. त्यात बचत गटाच्या दोन बाया असाव्यात. ११२ ला फोन कोण लावणार, तेही त्या ठरावात लिहावं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला कुठल्याही वरच्या आदेशाची गरज नाही.